आमच्या पेपरातले वार आणि खुलासे

घरची रद्दी महिन्याला निघते, पण पेपरच्या ऑफिसात साठलेले किस्से कोणी रद्दीवाला नेत नाही! दहावीनंतर मराठी टायपिंग शिकले आणि पनवेलच्या एका छोट्या दैनिकात कंपोझिंगला लागले. अकरा वर्षांत खून, दरोडे, हाणामाऱ्या सगळं माझ्या बोटांखालून गेलं.

आमचे क्राइम रिपोर्टर प्रधानभाऊ. रोज सकाळी पोलीस चौकीला त्यांचा फोन, "काही घडलं का?"

एकदा हवालदार म्हणाले, "आज काहीच नाही."

"बघा ना काहीतरी! पान रिकामं आहे."

"तुम्ही या इकडे, मग घडवतो!"

भाऊंच्या प्रत्येक बातमीत 'परिसरात भीतीचे वातावरण' असायचंच. सायकल चोरीला गेली तरी! एकदा संपादक साहेब चिडले. "कुठे आहे हो भीती?"

"माझ्या घरी, साहेब. कालची बातमी बायकोने वाचली."

माझीही एक चूक सांगते. घाईच्या वेळी मी चोरीची जुनी बातमी उघडून तिच्यातच नवा मजकूर भरायची. एका महिला मंडळाचं हळदीकुंकू तसंच भरलं आणि शेवटची ओळ पुसायची राहिली, 'आरोपी फरार असून पोलीस पुढील तपास करत आहेत.'

अध्यक्षीणबाईंचा फोन आला तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

"तपास लागला की कळवा हं! वाणाच्या दोन वाट्या खरंच कमी भरल्यात."

टीव्हीवाल्यांची तऱ्हा वेगळीच. पळस्पे फाट्यावर दोन गटांत मारामारी झाली, म्हणून एका चॅनलची गाडी आली. पत्रकार माईक धरून सांगत होता, "इथे तणावपूर्ण शांतता आहे!" मग त्याने टपरीवाल्याला विचारलं, "ते दोन्ही गट आता कुठे आहेत?"

"हे काय, तुमच्या मागं चहा पितायत. सरका जरा, ग्लास द्यायचेत!"

आणि आमच्या हिराबाई! मच्छी मार्केटात बसायच्या. एक गिऱ्हाईक एकेका पापलेटाचे कल्ले उघडून बघत होतं, घेत काहीच नव्हतं. हिराबाईंनी मासे कापायची कोयती नुसती उगारली. ते पळालं आणि बर्फाच्या पाण्यात घसरून पडलं. भाऊंनी छापलं, 'महिलेचा कोयतीने हल्ला!'

हिराबाई थेट ऑफिसात. "माज्या पोरीची सोयरीक उरणला जुळतेय. पावनं परवा होय-नाय सांगाला येनार. त्यांनी ह्ये वाचलं तं मोडंल ना लगीन! खुलासा छापा."

मला फार वाईट वाटलं. 'हिराबाईंनी कोयती मारली नाही, फक्त दाखवली,' असा खुलासा मी जाड अक्षरांत, चौकटीत टाकला.

पाहुणे येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी हिराबाई पुन्हा दारात.

"खुलासा मागं घ्या!"

"का हो?" साहेब उभेच राहिले.

"पयली बातमी वाचून पावनं खूश व्हतं. बोलत व्हतं, आई अशी हाय, तं पोरगी आमचा मार्केटचा धंदा एकटी सांबालंल. आता बोलतात, नुसती दाखवलीच? मंग इचार करून कलवतो!"

साहेब काही बोलायच्या आत प्रधानभाऊंनी पेनाचं टोपण काढलं. "किती वार लिहू, मावशी?"

हिराबाईंनी जरा विचार केला.

"दोनच लिवा. जावय भितरा हाय."