येळवशीची हाक

माझ्या सासऱ्यांना जपानबद्दल विचारलं की ते मासे सांगत. तिथली माणसं मासा कच्चा खातात, आणि सारखी वाकतात. एवढं सांगून तोंड बंद.

ते इंग्रजांच्या पलटणीत होते. ब्रह्मदेशात लढले आणि लढाई संपल्यावर त्यांची तुकडी जपानात पहाऱ्याला गेली. बेंबळीच्या अलीकडं आमचं लहानसं गाव. त्यात जपान पाहिलेला माणूस हा एकच. नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटायचं, एवढा समुद्र ओलांडून या माणसानं काय पाहिलं, तर मासे!

बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांत गावात सहकारी डेअरी निघाली. आमच्याकडं एक म्हैस होती. सकाळी रांगेत उभं राहायचं, दूध मापात घालायचं आणि माप सगळ्यांच्या एकाच कॅनमध्ये ओतायचं. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला होता, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. त्यामुळं आमचं दूध त्या कॅनमध्ये पडलं ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत, त्या घरातल्या धाकट्यानं पहिल्याच आठवड्यात रांगेत आवाज चढवला, "ह्येंचं दूध आमच्या कॅनमधी नगं." डेअरीच्या सेक्रेटरीनं दुधात काचेची नळी बुडवून पाहिली, म्हणाला, "दूध चांगलंय," आणि ओतलं. मी रिकामी बरणी वाजवत घरी आले. लई आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी आमची कडब्याची गंजी पेटली. त्या वर्षांत सोन्याला कोण विचारत होतं, कडबा आहे का बोला! बैल आणि म्हैस पुढची ज्वारी निघेपर्यंत त्या गंजीवर जगणार होते. गंजी कुणी पेटवली ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. साक्षीला मात्र कुणी आलं नाही.

 दुसऱ्या दिवसापासून सासरे सायकल घेऊन लांबच्या उसाच्या फडावर जायचे आणि उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, बांधून आणायचे. म्हैस आटली, पण अगदीच बंद झाली नाही. होतं तेवढं दूध घेऊन मला रोज डेअरीवर पाठवायचे. "आज तांब्याभरच हाय मामा," म्हटलं, तर म्हणायचे, "तांब्याभर तर तांब्याभर. रांग सोडू नगंस."

मला त्यांचा राग यायचा. आमचे हे तर आतून धुमसत होते. त्यांनी येळवस धरली होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. भज्जी, उंडे, आंबील घेऊन जायचं, रानात बसून जेवायचं, आणि बांधावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, "या जेवायलाऽऽ!" हाक मारल्याशिवाय घास घ्यायचा नाही. पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचं आम्ही कधीच सोडलं होतं, बुद्धवंदना म्हणून जेवायला बसायचो. हाक आमची आम्हालाच, वस्तीतल्या दहा घरांना. शेजारच्या बांधाकडं तोंड करून आमच्यातल्या कुणी कधी हाक दिली नव्हती. आमच्या हातचं ते खाणार नव्हते, मग हाक वाया कशाला घालवा?

तर त्या दिवशी दुपारी गाव मोकळं असताना त्या शेजाऱ्यांची गावातली गंजी पेटवायची, असं ह्यांनी ठरवलं होतं. बिडी न ओढणाऱ्या माणसाच्या खिशात काडेपेटी. मी काही अडवलं नाही. वर सांगितलं, "वारं बघून लावा."

शेतात डोक्यावरची जेवणाची डाली उतरवली आणि हे उठायला लागले. सासरे म्हणाले, "बस. काडेपेटी हितं ठिव." आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग त्या माणसानं पहिल्यांदा मासे सोडून दुसरं जपान सांगितलं.

"आमच्या भटारखान्यात एक जपानी कामाला हुता. ब्रह्मदेशात आमच्याच इरुद्ध लढल्याला. बेशुद्ध घावला म्हून जित्ता धरला, न्हायतर ती मानसं सोताला धरू देत नसत्यात, मरत्यात. शुद्धीवर आला तर म्हनं, गोळी घाला. घरी कळवू का म्हनलं तर नाव सांगंना. जित्ता धरला हे कळलं तर आईला लाज. आपल्या लोकांच्या पहाऱ्यात ऱ्हाऊन मोडकं हिंदुस्थानी शिकला, म्हून मला बोलता यायचं. घरी गेला तर गाव जळून सपाट. बायको, बहीण त्यात गेल्या. आई तेवढी पत्र्याच्या खोपटात. तिनं तर ह्येच्या फोटूम्होरं उदबत्ती लावली हुती. दारात बघितल्यावर तोंड न्हाय बघितलं तिनं. आधी पाय बघितलं."

"पाय का?" मी विचारलं.

"आपल्यात भुताचं पाय उलटं. त्यांच्यात भुताला पायच नसत्यात."

मग ते स्वतःचं सांगायला लागले. "म्या पहिलं काही दिवस रायफल उशाला घिऊन झोपायचो. वाटायचं, ही मानसं रातच्याला सुरा घालनार. ज्यांना मरन गोड, ती गप बसत्यात व्हय? पन एक दगूड आला न्हाय. मग एकदा इचारलंच त्याला, तुला आमचा राग न्हाय का? म्हनला, हाय की. पन राजानं सांगितलं हरलो, तर आता नीट हरायचं. तुला मारलं तर मला फाशी, आन् राखंत मुळ्याची भाजी लावायला म्हातारी एकली. आई-पोरगं दोघं जोत्याच्या दगडामधल्या राखंत मुळं लावायची. त्याचा राग गेला न्हवता पोरांनो. त्यानं कामाला जुपला हुता."

मला राहवलं नाही. "मामा, त्यांनी लढाई काढली, ते हरले. आपण काय केलं? दूध घातलं! आपण कुठं हरलोय, म्हणून गप बसायचं?"

सासऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता बोलणी बसणार.

"ह्येच म्हंतो मी. आपून हरलोच न्हाय. दूध रोज पडतंय कॅनमधी. आन् आज ह्यानं काडी वढली तर सांजच्याला दहा घरं ऱ्हात्याल का आपली? मग खरं हरल्यालं दिसंल."

ह्यांनी काडेपेटी काढून डालीत टाकली. राग गेला म्हणून नाही. दहा घरं मोजून झाली म्हणून.

मग सासरे उठले. धोतर सावरत बांधावर गेले, शेजाऱ्यांच्या शेताकडं तोंड केलं आणि पलटणीतल्या आवाजात हाक दिली, "या जेवायलाऽऽ!"

तिकडं पंगत बसलेली. बोलणं थांबलं. उठलं कुणी नाही. सासरे परत आले आणि पोटभर जेवले.  ज्यानं गंजी जाळली त्याला जेवायला बोलवायचं, हे कसलं शहाणपण!

पण त्यांनी ते सोडलं नाही. दर येळवशीला बांधावर जायचं, एक हाक द्यायची, परत यायचं. वस्तीतली माणसं हसायची, "आला का पाव्हणा?" ते म्हणायचे, "येळ हाय की." डेअरीवर दुसऱ्या म्हशीचंही दूध जायला लागलं. रांगेत तो धाकटा माझ्या पुढं-मागं असायचा. बोलायचा नाही.

मग एका वर्षी पाऊस सरता सरता सासरे गेले. त्या येळवशीला शेतात गेलो, पण कुणाला कशात गोडी नव्हती. वंदना झाली आणि हे मान खाली घालून उंडा कुस्करत बसले. हाक द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

समोर सावली पडली म्हणून वर पाहिलं. बांधाच्या पलीकडं तो धाकटा उभा होता. कानापाशी केस पांढरे झालेले. म्हणाला, "आज हाक न्हाय आली?"

माझ्या मनात आलं, इतकी वर्षं ऐकत होतास, आणि आज येतोस, ज्यानं हाक दिली तो गेल्यावर? गंजीचा शब्द त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. हे माझ्याकडं बघत होते, जसं काही मीच ठरवायचं होतं.

मी उठले. हात पुसले, बांधापर्यंत गेले, आणि चार हातांवर उभ्या असलेल्या त्या माणसाला, लांबच्या शेतातल्याला द्यावी तशी, छाती भरून हाक दिली, "या जेवायलाऽऽ!"

आवाज फाटला माझा. त्यानं वहाणा काढल्या आणि बांध ओलांडला. मी आधी त्याचे पाय बघितले, मग पत्रावळ मांडली.