दांडीच्या चिखलातली बांबू उडी

नाशिकहून निघताना माझी सोय पाच मिनिटांत झाली. माझ्या बांबूची सोय लावायला मात्र दोन दिवस गेले. बारा फुटी फायबरचा बांबू एसटीत कोण घेणार? शेवटी बोईसरला टोमॅटो नेणाऱ्या टेम्पोच्या डोक्यावर तो बांधला, मागच्या टोकाला लाल फडकं लावलं आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो.

"पाइप कुठं बसवायचा, काका?"

"पाइप नाही. बांबू उडीचा बांबू आहे. रविवारी पालघरला स्पर्धा आहे, साठीच्या वरच्यांची."

जव्हारचा घाट उतरेपर्यंत तो आरशातून मागचं लाल फडकं बघत होता. मग हळूच म्हणाला, "घरी माहीत आहे?"

घरी चांगलंच माहीत होतं. गेल्या वर्षी पहिल्याच उंचीला, म्हणजे दोन मीटरला, माझे तिन्ही प्रयत्न फसले होते. निकालाच्या तक्त्यात नावापुढे नुसती रेघ. या वेळी बायकोने निघतानाच सांगितलं होतं, "पुन्हा रेघ घेऊन आलात, तर त्या बांबूवर मी गोधड्या वाळत घालीन."

उतरलो पालघरजवळच्या माहीमला, कॉलेजातला जोडीदार सुहास याच्या वाडीत. नारळ, केळी आणि मधून जाणारी चिंचोळी पायवाट. ती सरळ दिसल्यावर मला राहवेना. धावण्याची लय बघावी म्हणून बांबू घेऊन पळालो, आणि टोक जाऊन घुसलं शेजाऱ्यांच्या झावळ्यांच्या कुंपणात. पलीकडून एक कोंबडी ओरडली. सुहास कपाळाला हात लावून म्हणाला, "जेव आधी." वहिनींनी उकडहंडी (मडक्यात वाफवलेले कंद आणि शेंगा) केली होती. मी तीनदा वाढून घेतली आणि वजन वाढेल म्हणून अंगणात फेऱ्या मारत बसलो.

शुक्रवारी बोईसरला सरावासाठी गादी मिळाली. धावलो, गादीपुढच्या जमिनीतल्या पेटीत बांबू टेकवला, वर गेलो. बांबू अर्ध्यावर थांबला, जरा विचार केल्यासारखा डुलला आणि जिथून निघालो होतो तिथेच मला परत आणून ठेवलं. सहा वेळा हेच. कारखान्याची पाळी सुटलेले चार कामगार कुंपणाशी डबे घेऊन उभे होते. त्यातल्या एकाने अगदी काळजीने विचारलं, "अंकल, वापस क्यों आ जाते हो?"

"हात खाली घे," सुहास म्हणाला. "वीतभर तरी."

माझ्या बांबूवर एक निळी चिकटपट्टी आहे. कॉलेजात जेवढ्या उंचीवर धरायचो, बरोबर तेवढ्याच उंचीवर लावलेली. "म्हणजे मी म्हातारा झालो?" मी विचारलं.

"एकसष्टाला काय म्हणतात मग?"

मी हात पुन्हा निळ्या पट्टीवरच ठेवला.

शनिवारी पायांना विश्रांती म्हणून तो मला जवळच्या दांडी या कोळ्यांच्या गावी घेऊन गेला. किनाऱ्यावर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. गजाननदादा तांडेल (होडीचा म्होरक्या) त्याच्या ओळखीचे, वयाने आमच्याएवढेच. ओहोटी लागली होती. खाडीतल्या मोठ्या होडीवर जाळं पोचवायला ते लहान होडी काढत होते. आम्हीही बसलो. ते मागे उभे राहून लांब बांबूने होडी ढकलत होते. पाच मिनिटं मी कसेबसे हात आवरले.

"द्या इकडे. चाळीस वर्षं बांबूच धरतोय."

"घ्या की."

मी बांबू घेतला, हात पोचेल तितका वर धरला आणि सगळा भार टाकून दाबला. होडी सुरेख पुढे गेली. बांबू चिखलात रुतला. एकदा टेकलेला बांबू सोडायचा नाही, ही माझी जन्माची सवय. होडी पुढे गेली, सुहास गेला, तांडेल गेले, आणि मी खाडीच्या मधोमध बांबूवर एकटाच.

किनाऱ्यावरून तांडेलांच्या घरच्या यमुनाबाई ओरडल्या, "अगो बया! ह्यो बोंबील कोनी टांगला?"

बांबू सावकाश मागे कलला आणि मी कमरेपर्यंत चिखलात उतरलो.

मला होडीत ओढून घेतल्यावर तांडेलांनी हसू आवरलं, पण उशिरा. "येवढा वर कशाला धरला, दादा?" त्यांनी बांबू माझ्यापुढे आडवा धरला. हाताने घासून त्यावर दोन जागा चकचकीत झाल्या होत्या, एकीखाली एक वीत सोडून दुसरी. "वरची पोराची. खालची माझी. आदी मी बी वरच धरायचो."

"मग खाली कधी आलात?"

"खाडीत पडलो तवा."

रविवारी पालघरच्या मैदानावर मी शहाण्यासारखा वागलो असतो, तर हे लिहिण्यात अर्थ नव्हता. बाजूला एक सडपातळ गृहस्थ उभे होते, माझ्याकडे बघत. त्यांच्यादेखत हात खाली कसा घेणार? पहिला प्रयत्न निळ्या पट्टीवरून केला. परत आलो. दुसरा, पुन्हा परत. सुहासने तोंड फिरवलं. नावापुढची रेघ मला दिसायला लागली, आणि तिच्यावर गोधड्याही.

मग मी पट्टीखाली वीत मोजली. माझी वीत मोठी आहे, म्हणून दोन बोटं चोरायचा मोह झाला. नाही चोरली. धावलो, टेकवला. या वेळी बांबू अडखळला नाही. उभा झाला आणि पलीकडे पडला. माझा गुडघा वरच्या आडव्या दांडीला लागला. गादीवर उताणा पडून मी वर पाहत राहिलो. ती थरथरत होती, थरथरत होती, आणि राहिली.

पुढच्या उंचीला दांडी तिन्ही वेळा पाडली. ते सडपातळ गृहस्थ तर उडी मारायला आलेच नव्हते. ते मंडपवाले होते, गाद्या कधी उचलता येतील याची वाट बघत होते.

सोमवारी रिकाम्या क्रेटांच्या टेम्पोतून घरी पोचलो. बायकोने विचारलं, "रेघ?"

"दोन मीटर."

ती हसली, आणि गॅलरीत आडव्या ठेवलेल्या बांबूवर दुपारी गोधडी टाकलीच. "पुढच्या वर्षापर्यंत रिकामाच आहे ना?"

निळी पट्टी मी काढून टाकली आहे. वीतभर खाली नवी लावली आहे. पण जुन्या जागेचा डिंक काही निघत नाही. रॉकेलने पुसला, नखाने खरवडला. गोधडी सारून मी रोज बांबू हातात घेतो, आणि हात आधी तिथेच जाऊन चिकटतो.