वाकड्या कण्याची पिल्लं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट माहीत नाही.

एमएस्सीला असताना मी कापडाच्या रंगांचा माशांच्या अंड्यांवर काय परिणाम होतो ते पाहत होते. भाईंदर पूर्वेला मामा एका डाईंगच्या कारखान्यात सुपरवायझर होता. लाल रंगाची पूड त्यानेच आणून दिली. झेब्राफिशचं अंडं कधी पाहिलंय? मोहरीहून लहान, काचेसारखं आरपार! दुसऱ्या दिवशी आत हृदय उडताना दिसतं. मी तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. स्वच्छ पाण्यातली पिल्लं सरळ, चपळ. रंगाच्या पाण्यातली — कण्यात वाकलेली, हृदयाभोवती पाणी साचून फुगलेली. वाईट वाटायला हवं होतं ना? मला कुतूहलच वाटायचं. किती थेंबांना कणा वाकतो?

आमच्या खारी गावातली कमळाकाकी खाडीत निवट्या, चिंबोऱ्या धरून विकायची. हल्ली हाती काही लागेनासं झालं होतं. माझं काम कळल्यावर तिने खाडीला मिळणाऱ्या नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणलं. फिकट गुलाबी.

"बघ गो, यात काय हाय का. आमी बाया पालिकेत अर्ज देनार हाव. तू सांगशील तसा."

ते पाणी बशीत ओतून त्यात अंडी ठेवली. तिसऱ्या दिवशी पाहिलं — तशीच वाकडी पिल्लं. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद. माझं निरीक्षण खरं निघालं होतं! मग मामा आठवला. नाल्याच्या वरच्या अंगाला त्याचाच कारखाना.

मामाने गप्प बस म्हटलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नाही. बशी सिंकमध्ये ओतली, वहीत नोंद केली नाही, आणि काकीच्या दारात जाऊन म्हणाले, "काकी, पाण्यात काही नाही."

"न्हाय ना? मंग बरा झाला."

तिचा चेहरा उजळला की पडला — आजही मला सांगता येत नाही. अर्ज तिने माझ्यासमोरच फाडला. बाकीच्या बायांना सांगितलं, पोरीनं तपासलंय.

मला त्या प्रबंधाला चांगले गुण मिळाले. काकीने पुढच्याच वर्षी खाडीत उतरणं सोडलं. आता ती आमच्या मागच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करते. खाडीला कुणाची तरी नजर लागली म्हणते. पाणी चांगलंच होतं, असं अजून सगळ्यांना सांगते.

पाणी चांगलं नव्हतं. मी पाहिलं होतं.