व्हिएतनामात नानांनी कापलेली पिलं

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आणि पहिला बेकारही मीच, असं आमच्या गावात, पहूरमध्ये, ठाम मत होतं. पुण्याच्या कंपनीचं काम मी लॅपटॉपवर करतो आणि राहतो व्हिएतनामात, होई आन गावी. हे मी वडिलांना, म्हणजे नानांना, किती वेळा समजावलं! नाना ऐकून घ्यायचे आणि बसस्टँडवरच्या टपरीवर जाऊन सांगायचे, "पोऱ्या घरीच बठेल ऱ्हास. फक्त घर लांब शे."

म्हणून मी त्यांना महिनाभर इकडे आणलं. एकदा डोळ्यांनी माझं काम बघतील आणि टपरीवर नीट सांगतील, एवढीच इच्छा! (आई आली नाही. आमच्या म्हशीला दुसऱ्याचा हात चालत नाही.)

विमानात नाना खिडकीला नाक लावून बसले. ढग आपल्या खाली आहेत, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. होई आनची नदी, कंदील, स्कूटरवरून निघालेलं अख्खं लाकडी कपाट, प्रत्येकाला त्यांचं "बाप रे!" झालं. मग माझ्या टेबलापाशी येऊन ते थांबले.

"हापिस कोठे शे?"

"हेच, नाना."

"आनि मान्सं?"

"यातच असतात." मी लॅपटॉप दाखवला.

नानांनी लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मोठी मीटिंग होती. छाप पाडायची हीच वेळ! मी इस्त्रीचा शर्ट घातला (खाली बर्मुडा) आणि म्हणालो, "नाना, आता बघा. चार देशांतली माणसं माझं ऐकतील. तुम्ही फक्त बसा."

"मी तं चूप बठेल शे!"

मी इंग्रजीत असा रंगलो, की मागची खुर्ची कधी रिकामी झाली ते कळलंच नाही.

घरमालकीण लानताईंच्या अंगणात केळ होती. बुंध्याभोवती फुटलेली लहान रोपं, ज्यांना आम्ही पिलं म्हणतो, ती मोजून अकरा! पिलं कापली नाहीत तर घडाचं खाणं तीच खातात. जन्मभर केळी लावलेल्या माणसाला हे बघवेना. नानांनी लानताईंच्याच स्वयंपाकघरातला सुरा उचलला. (स्वतःचा विळा मुंबईच्या विमानतळावर काढून घेतला होता. तो हातातल्या पिशवीत कशाला, हे नानांना तिथे पटवून देता आलं नाही.)

अंगणातली लानताईंची किंकाळी ऐकून चारही देश गप्प झाले. मी लॅपटॉप उचलला आणि तसाच बर्मुड्यावर अंगणात धावलो. कॅमेरा चालूच!

लानताई कापलेली पिलं गोळा करत ओरडत होत्या. ते कोवळे बुंधे त्या बारीक चिरून कोशिंबिरीला वापरायच्या. त्यांची वर्षभराची भाजी नानांनी आडवी केली होती!

"नाना, काय केलं हे! आता बाई घराबाहेर काढेल आपल्याला!"

"एक मायले अकरा पोरं! घड भरी कसा? तिले सांग, तीन महिना थांब."

मी मोडक्यातोडक्या व्हिएतनामीत सांगितलं. लानताईंनी एकदा सुऱ्याकडे, एकदा माझ्या बर्मुड्याकडे पाहिलं आणि दार आपटलं. लॅपटॉपमधून साहेब म्हणाले, "तुमचं शेतातलं आटपलं की सांगा."

नानांनी महिनाभर त्या केळीला राख घातली, पाणी दिलं आणि ते पहूरला परतले. मी अंगणातून खाली मान घालून जायचो.

मग घड भरला. मी केळीच्या मुलखातला, पण तो घड पाहून माझेही हात जोडले गेले! दोन बांबूंचे टेकू लावले, तरी केळ वाकलेलीच. लानताईंनी फण्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग शेजारणीनं मोजल्या. मग सगळी गल्ली आली आणि मला विचारू लागली, "नाना? नाना?"

आता नाना रोज संध्याकाळी टपरीवरून व्हिडिओ कॉल करून होई आनची नऊ अंगणं सांभाळतात. एकमेकांचा एक शब्द कुणाला कळत नाही. नाना बोट दाखवून "हाई नही, ते!" म्हणतात आणि इकडे लानताई नेमकं तेच पील कापतात! हे मी रोज बघतो आणि रोज थक्क होतो.

मला मात्र या गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. मी "नानांचा मुलगा." पहूरमधलं मत तेवढं बदललं आहे. मी बेकार नाही, हे नाना आता टपरीवर स्वतः सांगतात.

"परदेशातलं काम मी आठे बठीसन करस. पोऱ्या तठे फोन धरस!"