कुणीतरी व्हय म्हटलंय

घरातलं कुणी पासवर्ड टाकायला लागलं की वाचाचाचा उठून उभे राहायचे आणि पाठ फिरवायचे. नुसती मान वळवणं नाही. खुर्ची मागे सरकवून, दोन पावलं टाकून, सरळ भिंतीकडे तोंड. आमच्याकडे त्या भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर होतं. माझी बायको एका बोटाने टाइप करते, त्यामुळे चाचांना त्या वर्षीच्या सगळ्या संकष्ट्या पाठ झाल्या होत्या. "झालं का वहिनी?" असं विचारून, होकार आल्यावरच ते वळायचे. मी एकदा म्हटलं, चाचा, तुमच्यापासून काय लपवायचंय? तर म्हणाले, "आवं सर, दुसऱ्याच्या घरात कुनी कपाट उघडलं की मानूस बाजूला होतोच की."

इस्लामपुरात एसटी स्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी ते पडद्यावर बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून वाचायचे, पण वाचायचे सगळं. नवा प्रोग्राम घालताना समोर चौकट आली की आपण डोळे मिटून 'नेक्स्ट' दाबतो. चाचा ती चौकट शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि खाली बारीक अक्षरांत कुणीतरी आधीच करून ठेवलेली बरोबरची खूण शोधून काढून टाकत. "आदी वाचा, मग दाबा," हे ते इतक्यांदा म्हणत की माझ्या वर्गातल्या मुलांनी 'वाचा' आणि 'चाचा' जोडून त्यांचं बारसंच करून टाकलं. त्यांनाही ते नाव आवडलं असावं. फोनवर स्वतःच 'वाचाचाचा बोलतोय' म्हणायचे.

व्हायरसला ते 'रोग' म्हणत आणि स्पायवेअरला 'खबऱ्या'. दोन्हींतला फरक त्यांनी माझ्या बायकोला चहा पिता पिता समजावला होता. रोग आला की मशीन कण्हतं, आपल्याला कळतं. खबऱ्या गप बसतो, आपण काय टाइप करतो ते ऐकतो आणि बाहेर पोचवतो. पण तो भिंत फोडून येत नाही, हे त्यांचं ठाम मत. फुकटच्या एखाद्या प्रोग्रामच्या काखोटीला बसून येतो आणि दारात विचारतो, येऊ का? "यंत्र आपनहून कुनाला आत घेत न्हाई, वहिनी. खबऱ्या घावला म्हंजी कुनीतरी व्हय म्हटलंय." कुणी म्हटलंय हे मात्र ते कुठल्याच घरात विचारत नसत.

आमच्या कॉम्प्युटरवर त्यांनी दोन खाती करून दिली होती. एक रोजच्या कामाचं, त्यातून नवीन काही घालता येत नसे. दुसऱ्याला त्यांनी 'मालक' असं नाव दिलं होतं. काही घालायचं असेल तेव्हाच मालक व्हायचं, काम झालं की उतरायचं, असा नियम. मला आठ दिवसांत त्याचा कंटाळा आला आणि मी दिवसभर मालक म्हणूनच बसू लागलो. घरात दुसरीकडे कुठे ती संधी नव्हती.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, आणि ते सांगताना मान वर होत नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. ग्रहतारे हा माझा हुकमी धडा. दरवर्षी दहावीच्या वर्गाला ठणकावून सांगायचो, शनी एक वायूचा गोळा आहे, त्याला तुमच्या लग्नाशी काही देणंघेणं नाही. गावात व्याख्यानं द्यायचो, टाळ्या घ्यायचो. मुलीला सातारचं स्थळ आलं तेव्हा आम्ही पत्रिका मागितली नाही, आणि त्या मंडळींना नेमकं तेच फार आवडलं. मुलाचे वडील चारचौघांत म्हणाले, अशा घराशी सोयरीक म्हणजे भाग्य.

आणि मी, त्याच आठवड्यात, मुलाच्या आईकडून बोलता बोलता जन्मवेळ काढून घेतली. एका दुपारी बायको बाजारात गेल्यावर कॉम्प्युटर लावला आणि पत्रिका जुळवणारा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. चौकटी आल्या. मी पुढे, पुढे, पुढे करत गेलो. बायको यायच्या आत उरकायचं होतं. साडेएकवीस गुण जुळले. जीव भांड्यात पडला. मग पडद्यावरचं ते कुंडलीचं चित्र कचऱ्यात टाकलं आणि हात धुतल्यासारखा उठलो. चित्र पुसलं की प्रोग्राम जातो, असं हा विज्ञानाचा शिक्षक समजत होता.

पंधरा दिवसांनी बायकोच्या ईमेलवरून तिच्या ओळखीच्या सगळ्यांना नको तसल्या जाहिराती गेल्या. आमच्या मुख्याध्यापकांना गेल्या, सातारला होणाऱ्या व्याह्यांनाही गेल्या. बायको रडायची तेवढी राहिली. चाचांना बोलावलं.

ते आले. मशीनमध्ये काय काय घातलंय त्याची यादी त्यांनी उघडली. त्यात प्रत्येक नावापुढे तारीख असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं आणि मी मागे उभा राहून ते बघत होतो. एका ओळीवर बोट थांबलं. अक्षराला अक्षर जोडून त्यांनी ते नाव मनात वाचलं. ओठ हलताना मला दिसले. मग माझ्याकडे न बघता ते बायकोला म्हणाले, वहिनी, जरा पाणी देता का? ती पाणी घेऊन येईपर्यंत ती ओळ यादीत नव्हती.

बायकोने विचारलं, चाचा, कुणी घातलं हे? चाचा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "यंत्राचं काय सांगता येत न्हाई, वहिनी."

आयुष्यभर उलटं सांगत आलेला माणूस माझी अब्रू राखण्यासाठी माझ्यादेखत खोटं बोलला.

तेच त्यांच्या अंगाशी आलं. आमच्यापासून दोन घरांवर फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार राहतात. माणूस सरळ, पण गल्लीत त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. संध्याकाळी ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एरवी कुनीतरी व्हय म्हटलंय म्हननारा मानूस आजच गप का बसला? सर, तुमच्या मशीनला आनी कोन हात लावतं?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "चाचांशिवाय कोण लावतंय?"

एवढंच म्हणालो. आरोप केला नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. पण त्या माणसाने तोंड उघडलं तर माझी व्याख्यानं, सातारची सोयरीक, सगळं मातीत जाईल, या भीतीने ते वाक्य बाहेर पडलं होतं. माझ्या वाक्याला गल्लीने आपलं जोडलं. चाचाच खबऱ्या घालतात आणि चाचाच पैसे घेऊन काढतात, असं झालं. कुणी त्यांचं नाव काढलं, कुणी त्यांचा मोहल्ला काढला. ते ऐकूनही मी गप्प बसलो. सरांनी सांगितलंय म्हणजे खरंच असणार, असं लोक म्हणत होते. महिन्याभरात घरोघरची बोलावणी बंद झाली.

एकदा ते आमच्या दारात आले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. "सर, लोकं काय काय म्हनत्यात. कुनी केलं त्ये सांगू नगा. मी न्हाई केलं, एवडंच येकदा सांगा." मी म्हणालो, बघतो, बोलतो. लग्न होऊन जाऊ दे, मग बोलू, असं ठरवलं. लग्न झालं. मग पहिली दिवाळी होऊ दे म्हटलं. दिवाळीच्या आधीच दुकानाला कुलूप लागलं आणि चाचा सांगलीला कुणाच्या तरी दुकानात नोकरीला गेले.

निवृत्त झाल्यावर मी एकदाचा धीर केला आणि सांगलीला गेलो. मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान होतं. चाचा काउंटरमागे स्टुलावर बसले होते, बरेच वाळलेले. मला बघून लगबगीने उठले आणि तिथल्या माणसांना सांगू लागले, हे आमच्या इस्लामपूरचे सर, ग्रहतारे लय झकास शिकवायचे. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, चाचा, माझं चुकलं, ते मीच...

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. फक्त हळू आवाजात म्हणाले, "हितं सांगून काय उपेग, सर? हितली मानसं ना तुमाला वळखत, ना मला. जितं माजं नाव गेलं, तितं सांगा."

त्या दिवशी इस्लामपूरला उतरून घरी येताना सुभेदार कट्ट्यावर बसलेले होते. सर, कुठं गेला होता, म्हणाले. मी म्हणालो, सांगलीला, चष्म्याचं काम होतं.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. दफनासाठी त्यांना इस्लामपूरला आणलं. मी गेलो, माती दिली. माणसांनी बाजूला होऊन मला वाट करून दिली. त्यांचे धाकटे भाऊ हात जोडून म्हणाले, "तुमी आलासा, लय मोठेपना सर." मी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि घरी आलो.

म्हणून हे लिहिलं. गावाचं नाव मुद्दाम बदललेलं नाही. हो मी म्हटलं होतं, चाचांनी नाही, हे आता छापून येईल, बायको वाचेल, सातारला वाचतील. सुभेदारांना मात्र वाचता येणार नाही. त्यांचे दोन्ही डोळे गेलेत. त्यांना हे मलाच तोंडाने सांगावं लागणार आहे. दोन घरं सोडून राहतात. अजून गेलेलो नाही.