काढून ठेवायचं कुठं?

माणसाला हाकलून द्यायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निपजला, आणि तो आमच्या कॉलनीत राहतो. सगळे त्यांना अ‍ॅडमिन काका म्हणतात. बीड बायपासच्या पलीकडे शहर पसरलं तेव्हा आधी प्लॉट पडले, मग घरं झाली. नळ अजून यायचा आहे. लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळात आमची कॉलनी एका टँकरवर, आणि तो कधी येणार हे सांगणाऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जगत होती. त्या ग्रुपचे मालक, चालक आणि न्यायाधीश काका. सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि ग्रुपही ते रेकॉर्ड रूमसारखाच चालवत. इथं फक्त पाण्याचं बोलायचं. गुलाबाच्या फुलावर छापलेलं सुप्रभात आलं की पहिली ताकीद. देवाचा फोटो आला की "देवाला नमस्कार, तुम्हाला दुसरी ताकीद." तिसऱ्या चुकीला मात्र काका काही लिहीत नसत. संध्याकाळी शर्ट बदलून ते थेट त्या माणसाच्या घरी जात.

या भेटीची कॉलनीला केवढी दहशत होती! काका चहा घेत, गुडघेदुखीची चौकशी करत, आणि मग चष्मा पुसून त्या माणसाचे संदेश त्याच्याच बायकापोरांसमोर मोठ्यानं वाचून दाखवत. जुनी फाइल वाचावी तशा सपाट सुरात, एकही इमोजी न गाळता. "टाकी अर्धीच भरली. लाल तोंड. लाल तोंड. सेक्रेटरी चोर. हसणारं माकड." सात नंबरच्या प्लॉटवाल्यांची बायको हे ऐकून पदरात तोंड घालून हसायला लागली, तेव्हा ते बिचारे म्हणाले, "काका, पाया पडतो, काढा मला, पण वाचू नका." काकांचं म्हणणं असं, की लिहिताना माणूस एकटा असतो, ऐकताना अख्खं घर असतं. काढलेल्या माणसाच्या दाराखाली दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या वेळेची चिठ्ठी सरकलेली असे. कारण विचारलं तर काका म्हणत, "ग्रुपातून काढलंय, पाण्यातून नाय काढलं."

आमचा टँकर युनूसभाईंचा. राहायला शहागंजात, पाणी दौलताबादकडच्या विहिरीचं. कॉलनीत पहिलं घर उभं राहिलं तेव्हापासून तेच येत. त्या उन्हाळ्यात एक दिवस ग्रुपवर आलं : 'या लोकांच्या टँकरचं पाणी पिऊ नका, काहीतरी मिसळतात. पुढे पाठवा.' पाठवणारे होते तीन नंबरच्या प्लॉटवरचे सर, जे शाळेत विज्ञान शिकवतात. काकांनी ताकिदी वगैरे बाजूला ठेवल्या आणि त्याच संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन तो संदेश वाचून दाखवला, अगदी 'पुढे पाठवा'सकट. सरांच्या बायकोनं हातातली कपबशी खाली ठेवली. "अहो, गेल्या साली तुम्हाला चक्कर आली तेव्हा दवाखान्यात कुणी नेलं? याच युनूसभाईनं ना, टँकरात बसवून?" सर फरशीकडे बघत राहिले. मग त्यांनी संदेश पुसला. काकांनी त्यांना काढलं नाही.

मला याचा संताप आला. चळवळीतल्या वडिलांच्या खाटेखालच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवरून मी अक्षरं शिकले; विष वाचून दाखवायचं नसतं, फेकायचं असतं, हे मला तेव्हापासून पाठ होतं. आठवड्यात आणखी एकोणीस जण तसलंच पाठवू लागले. मी काकांच्या ओसरीवर जाऊन भांडले. "एकोणीस घरं, एकोणीस संध्याकाळी! तोवर काय शिल्लक राहील?"

"अगं माय, काढणं एका बोटाचं काम हाय. काढून ठेवायचं कुठं? कपाटातून फाइल काढली तरी कुठंतरी राहतीच की."

"माणसं म्हणजे फायली नाहीत, काका."

"तेच तर म्हणतोय मी."

पण मी हटले नाही. द्वेषाला जागा द्यायची नाही हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. शेवटी काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते आत चहा टाकायला गेले. चहाला उकळी फुटायच्या आत मी सगळ्यांना काढलं. सर धरून वीस. मोर्चा जिंकून आल्यासारखी मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्या विसांचा नवा ग्रुप झाला. नावात 'जागृत' होतं. चार दिवसांत त्यात कुठकुठल्या वसाहतींमधले शेकडो लोक आले. तिथं कुणी कुणाला वाचून दाखवत नव्हतं, आणि वरच्या संदेशापेक्षा कडक लिहिल्याशिवाय खालच्याकडे कुणी बघत नव्हतं. फरशीकडे बघणारे सर तिथं सर्वांत लांबलचक लिहीत, शास्त्रीय कारणांसकट. हे त्यांच्या बायकोनंच आम्हाला सांगितलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या दारात गेले तर आतून उत्तर आलं, "काय वाचणार काका? तुम्ही आमच्या ग्रुपात हायत का?" खरंच होतं. हातात वाचायला काहीच नव्हतं. मला घ्या, अशी त्यांनी विनंती केली. घेतलं, आणि ते फाटकापर्यंत पोचायच्या आत काढलं. "बघ, चहासुद्धा नाय पाजला," काका मला म्हणाले आणि हसायला गेले, पण ते हसू जमलं नाही.

पुढच्या टँकरला गेटवर गर्दी होती. "आधी तू पी," कुणीतरी पाण्याचा मग पुढे केला. युनूसभाईंना थट्टा वाटली. ते हसत प्यायले. "अजून पी." युनूसभाई हातात मग धरून क्षणभर थांबले, तसा कुणीतरी त्यावर फटका मारला. काका एका पायात चप्पल घालून धावत आले. सत्तरी ओलांडलेला माणूस टँकरची शिडी चढला, झाकण उघडून ओंजळीनं पाणी प्यायला, निम्मं शर्टावर सांडलं. "बघा रे, जित्ता हाय मी! बघा!" काही जण हसले. तेवढ्यात दगड आला आणि युनूसभाईंची भुवई फुटली. त्या दिवशीचा व्हिडिओ नव्या ग्रुपवर फिरला. त्यात काका नव्हते, दगडही नव्हता. हातात मग धरून क्षणभर थांबलेले युनूसभाई होते, तेवढेच.

युनूसभाई पुन्हा आले नाहीत. दुसरा टँकर येतो, वाटेल तेव्हा, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

काकांनी माफीचा कागद केला, रेकॉर्डातल्या वळणदार अक्षरात, आणि आम्ही शहागंजात गेलो. युनूसभाईंच्या आईसमोर काकांनी तो मोठ्यानं वाचला. खाली दोन सह्या होत्या : त्यांची आणि माझी. भुवईवर टाके असलेले युनूसभाई शांतपणे ऐकत होते.

"चाचा, तुम दोनों तो कुछ बोलेच नहीं थे. जो बोले, उनके दस्तखत किधर हैं? वो लाओ, फिर टँकर का देखते."

बाहेर आल्यावर काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. चूक माझी होती, असं मी म्हणाले.

"चूक व्हय का नाय ते मागून बघू," काका म्हणाले. "आधी वीस घरं बघू."

आता आम्ही संध्याकाळी तो कागद घेऊन हिंडतो. बहुतेक दारं उघडत नाहीत. उघडतात ती पाणी विचारून मिटतात. परवा तीन नंबरच्या प्लॉटवर गेलो. सरांची बायको म्हणाली, "ते नाहीत करणार. मी करते." गुडघ्यावर कागद धरून तिची सही वाकडी जायला लागली, तेव्हा आतल्या खोलीच्या पडद्याखालून कुणीतरी एक जाड वही सरकवली, कागदाखाली धरायला. सही झाली. वही परत घ्यायला हात पुढे आला तेव्हा काकांनी वहीबरोबर पेनही त्या हातापुढे धरलं. हात थोडा थांबला, आणि वही घेऊन मागे गेला.

आम्ही निघायला हवं होतं. पण काका तिथंच बसून राहिले, आणि कितीतरी वेळ त्यांनी पेनाला टोपण लावलं नाही.