कानवाल्या बाईंची अकरा मिनिटं

कानवाल्या बाईंचा लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजली होती. बटण दाबल्यापासून कानाच्या मशीनचा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत अकरा मिनिटं, एखादा सेकंद इकडेतिकडे. मी लॅपटॉप दुरुस्त करतो. असलं काही पाहिलं की माझं डोकं फिरतं.

"बाई, ही जुनी हार्ड डिस्क काढा आणि एसएसडी घाला. चहा ओतेपर्यंत सुरू होईल," असं मी त्यांना तीन वर्षं सांगत होतो. बाई दर वेळी म्हणायच्या, "बघू." हे 'बघू' म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात रंगकामाला सात वर्षं 'बघू' चाललंय.

बाईंची खोली टायरच्या दुकानावर आहे. खाली हवा भरायच्या पंपाची घरघर आणि वर ऐकू न येणाऱ्या माणसांची रांग. पूर्वी त्या एका मोठ्या दवाखान्यात होत्या. तिथे एका पेशंटला सात मिनिटं मिळायची. "सात मिनिटांत माणूस धड लाजूनही होत नाही," म्हणत त्या तिथून बाहेर पडल्या. स्वेटरच्या बाहीवरून बांधलेलं घड्याळ, टेप गुंडाळलेला चार्जर, खिडकीत सात कुंड्या. पेशंट खुर्चीत बसला की त्या लॅपटॉपचं बटण दाबायच्या आणि झारी घेऊन झाडांना पाणी घालायला लागायच्या, पेशंटकडे चक्क पाठ करून. मला वाटायचं, काय हा निवांतपणा! लोक कामं टाकून येतात आणि ही बाई बागकाम करते.

मग एक दिवस त्यांचा निरोप आला. लॅपटॉप टकटक वाजतोय. मी म्हटलं, चला, देवाने ऐकलं.

त्या दिवशी आईला सोबत न्यावं लागलं. तिला घरी एकटं ठेवणं आम्ही महिनाभरापूर्वी बंद केलं होतं. आई विसरायला लागली होती. चारला डॉक्टरकडे जायचंय म्हणून सांगावं, तर चारला ही निवांत पडलेली. भाजी आण म्हटलं तर "हो हो" म्हणायची आणि रिकाम्या हाताने यायची. बहिणीचं आणि माझं बोलणं झालं. घराची किल्ली आईकडून काढून घेतली. शेगडीला हात लावू नकोस म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात बहीण तिला कायमची स्वतःकडे नेणार होती. आईने किल्ली मुकाट्याने दिली. ती पदराची गाठ सोडवत होती आणि मी दुसरीकडे बघत होतो. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

आई हल्ली विसरते म्हणून सोबत आणलंय, असं मी सांगितलं तेव्हा बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, लॅपटॉपचं बटण दाबलं आणि झारी उचलली. मी डिस्कची टकटक ऐकायला टेबलाशी वाकलो. बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मावशी, आधी कुठे कामाला होतात?"

आई गप्प.

"मावशी, मुलं किती तुम्हाला?"

आई गप्पच. मी मनात म्हटलं, झालं, हेही विसरली. तेवढ्यात बाई वळल्या आणि तेच दोन्ही प्रश्न तिच्या समोर येऊन विचारले. आई ताठ बसली.

"दोन. थोरली मुलगी आणि हा. आणि मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. चारशे नंबर तोंडपाठ होते मला. आजही विचारा."

बाईंनी खरंच विचारलं. आईने अग्निशमन दलापासून सुरुवात केली आणि लॅपटॉप सुरू होईपर्यंत थांबली नाही.

मग बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही घरी यांच्याशी कसं बोलता?"

"कसं म्हणजे? तोंडाने."

"काम करत करत? मान खाली घालून?"

त्या क्षणीसुद्धा माझी मान त्यांच्या लॅपटॉपवरच होती. माझं टेबल घरातच आहे. गेली कित्येक वर्षं मी आईशी जे काही बोललो, ते हातातल्या मदरबोर्डकडे बघून बोललोय. 'आई, चारला डॉक्टर' हे मी तिला नाही, एका स्क्रूला सांगितलं होतं.

"मावशींच्या डोक्याला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "यांना ऐकू येत नाही. समोर चेहरा असला की ओठ वाचतात, म्हणून कुणाला कळलं नाही. मी पाठ का करते, वाटलं तुम्हाला?"

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी आईकडे तोंड करून विचारलं.

"जन्मभर कानांवर पोट भरलं मी," आई म्हणाली. "बहिरी झाले हे कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा विसराळू बरी."

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते किल्ली परत देण्याचं. दुसरं, बहिणीला फोन. ती बराच वेळ रडली.

तर आता माझी पंचाईत बघा. ज्या अकरा मिनिटांवर मी तीन वर्षं दात-ओठ खाल्ले, त्यांनीच माझी आई मला परत दिली होती. आणि आता बाईच म्हणत होत्या, "घाला तुमची ती एसएसडी. डिस्क बंद पडली तर पेशंटांच्या आठ वर्षांच्या नोंदी जातील माझ्या." मी म्हणत होतो, "बघू." त्या हसल्या. पण टकटक वाढत होती. दुसऱ्यांचे कान माझ्या हळवेपणावर टांगून ठेवणं काही खरं नव्हतं. आईचं मशीन लागलं त्याच आठवड्यात एका दुपारी मी सगळा डेटा नव्या डिस्कवर उतरवला.

दुसऱ्या दिवशी आईची तपासणी होती. बाईंनी बटण दाबलं, झारी उचलली. चौदा सेकंद! झारी अजून पहिल्या कुंडीशीच होती आणि प्रोग्रॅम उघडून तयार. बाई झारी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एवढं उत्तम काम करून इतकं अपराधी मला कधीच वाटलं नव्हतं.

आईने हात लांब केला आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"राहू दे गं ते," ती म्हणाली. "आधी झाडांना पाणी घाल."

बाई वळल्या. पाठमोऱ्या, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मावशी, आज निघताना घराला कुलूप कोणी लावलं?"

खाली पंप घरघरत होता.

"मी," आई म्हणाली आणि पदराची गाठ चाचपली. "किल्ली माझ्याकडे असते."